31 मार्चच्या आत

पहाटे सव्वापाच

फोन वाजला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. मार्चचा शेवटचा आठवडा लागला की विकास सोसायटीच्या सचिवाचा फोन कोंबड्याच्या आधी वाजतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. बायकोनं कूस बदलली. मी ओट्यावर येऊन फोन घेतला.

“सचिव, तात्या बोलतोय. माणूस तयार झालाय बघा. अकराच्या ठोक्याला बँकेत येतो म्हणतोय. तुम्ही हायसा ना?”

“आहे तात्या. पासबुक घ्या, आधार घ्या. आणि न जेवता येऊ नका, आज गर्दी असणार.”

माणूस म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मार्चमध्ये आमच्याकडं ‘माणूस’ म्हणजे दहा-पंधरा दिवसांसाठी रोख रक्कम देणारा. एरवी वर्षभर तो दुसरं काहीतरी करतो. कुणी प्लॉट विकतो, कुणाची खडीची खाण असते.

मी गटसचिव. भीमेच्या खोऱ्यात, पण कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन गावांच्या सोसायट्या माझ्याकडं आहेत. तेवीस वर्षं झाली. राज्य सहकारी बँक जिल्हा बँकेला पैसे देते, जिल्हा बँक सोसायटीला आणि सोसायटी सभासदाला. या उतरंडीतलं सगळ्यात खालचं, शेतकऱ्याच्या उंबऱ्याला टेकलेलं मडकं म्हणजे आम्ही. खरिपासाठी उचललेलं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं, तर शेतकऱ्याला व्याज शून्य. कर्ज सहा टक्क्यांचं असतं. वेळेत फेडलं म्हणून तीन टक्के केंद्र सरकार सोसतं, उरलेले तीन राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भरतं. 2021 च्या खरिपापासून ही शून्याची मर्यादा तीन लाखांपर्यंत गेली. 1 एप्रिल उजाडला की दोन्हीकडचे तीन-तीन टक्के हातचे जातात. त्याहून वाईट म्हणजे खातं थकबाकीत जातं आणि नव्या कर्जाचं दार बंद होतं.

आज 27 तारीख.

सकाळी सात

शिपायाला मागं बसवून वस्त्यांवर निघालो. वसुलीला जीप, नोटिसा, हलगी असलं काही मी कधी नेलं नाही. मोटारसायकलवर जावं, ओट्यावर टेकावं, चहा घ्यावा, मग विषय काढावा.

पहिल्याच वस्तीवर दार उघडं, माणूस नाही. चुलीपुढची सून पदर सावरत म्हणाली, “मामा रानात गेलेत.” मामा गोठ्यामागं उभे होते, त्यांच्या धोतराचा सोगा मला दिसत होता. मी हाक मारली नाही. ज्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन मला गावची जत्रा दाखवली, त्यांना गोठ्यामागून बाहेर काढणं माझ्यानं होत नाही. “सांजच्याला ऑफिसात येऊन जा म्हणावं,” एवढं सांगून पुढं निघालो.

पुढच्या वस्तीवर तिशीतला पोरगा. त्यानं थेट विचारलं, “भरून काय करू? माफी होणारच की. 2008 ला झाली, 2017 ला झाली, 2019 ला झाली. ज्यांनी भरलं ते येडे ठरले.”

याला झटकन उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या घरात हे घडलंय. 2017 च्या योजनेत थकबाकीदाराचं दीड लाखापर्यंत माफ झालं. नियमित भरणाऱ्याला कर्जाच्या चौथ्या हिश्शाइतकं, आणि तेही 25 हजारांच्या आत, प्रोत्साहन मिळालं. याच्या वडिलांनी त्या साली बायकोची बोरमाळ मोडून भरणा केला होता. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यानं केला नव्हता. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत नियमितांसाठी 50 हजारांपर्यंत रक्कम ठेवली गेली, पण बोरमाळ त्याआधीच गेलेली. त्या घरात जेवताना अजून तो विषय निघतो.

“माफीची तारीख सरकार ठरवील,” मी म्हटलं. “तुझ्या खात्याची तारीख ठरलेली आहे. मधल्या काळात बी-भरणाला पैसे कुठनं आणशील, तेवढं मला सांग.” तो खाली बघून पायानं माती उकरत राहिला. पैसे आणायची जागा आम्हां दोघांनाही माहीत होती.

साडेनऊ

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, लोखंडी कपाट, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली एक संगणक. 2022 मध्ये देशभरातल्या 63 हजार सोसायट्या संगणकावर आणायची योजना केंद्रानं मंजूर केली. तेव्हापासून खतावणी आणि संगणक दोन्ही जागी तीच नोंद करतो.

सकाळचं खरं काम म्हणजे कमाल मर्यादा पत्रक. येत्या हंगामात कोणत्या सभासदाला जास्तीत जास्त किती कर्ज देता येईल, त्याचा हा तक्ता. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, हेक्टरी दर, पात्र रक्कम. दर मी ठरवत नाही, बँकही एकटी ठरवत नाही. दरवर्षी जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती पीकवार दर ठरवते, बागायतीचा वेगळा, जिरायतीचा वेगळा. पीक सातबाऱ्यावर दिसलं पाहिजे, आणि 2021 पासून ते शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणीतून नोंदवायचं असतं. ज्या म्हातारीकडं तसा मोबाइल नाही, तिच्या रानात तूर उभी असली तरी कागदावर पड दिसते. अशी चार पत्रकं आज बाजूला काढली. नोंद दुरुस्त होईपर्यंत ती पुढं सरकणार नाहीत.

एक गोष्ट सभासदांना फारशी ठाऊक नसते. किसान क्रेडिट कार्ड 1998 ला आलं. त्याच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात नुसता पीकदर धरलेला नाही. पीकदर गुणिले क्षेत्र, त्यावर दहा टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी, वीस टक्के अवजारं-पंप-गोठा यांच्या दुरुस्तीसाठी, शिवाय विम्याचा हप्ता, असा हिशेब आहे. पिकापुरते एक लाख निघत असतील तर मर्यादा एक लाख तीस हजारांवर जायला हवी. माझ्या पत्रकात त्या दहा आणि वीस टक्क्यांचा रकानाच नाही. ज्या तीस हजारांतून पोराची फी, मोटारीचं रिवाइंडिंग निघालं असतं, ते नाहीत म्हणून हा खर्च शेतकरी पीककर्जातूनच काढतो. मग खत उधारीवर येतं, आणि दुकानदार त्याच्या भावानं लावतो.

अकरा

तालुक्याच्या गावची शाखा. पायरीपासून रांग. घामाचा, तंबाखूचा आणि नव्या नोटांच्या बंडलांचा मिळून एक वास असतो, तो मला डोळे मिटूनही मार्चची आठवण देईल.

आज इथं जे चाललंय त्याला आमच्याकडं नवं-जुनं म्हणतात. जुनं कर्ज भरायचं, खातं शून्य करायचं आणि नव्या वर्षात तेवढंच, जमलं तर थोडं जास्त, परत उचलायचं. कागदावर ही दोन वेगळी कर्जं. शेतकऱ्याच्या लेखी एकच कर्ज, दरवर्षी एकदा पाण्यातून काढून पुन्हा पाण्यात सोडलेलं. ते पाण्याबाहेर असतं त्या दहा-पंधरा दिवसांसाठी ‘माणूस’ लागतो.

तात्या भिंतीलगतच्या बाकावर होते. टोपी हातात. शेजारी पस्तिशीचा माणूस, मांडीवर काळी रेक्झिनची बॅग. तात्यांचं मुद्दल एक लाख वीस हजार. खरिपातला लाल कांदा ऑक्टोबरच्या पावसात वाफ्यातच सडला. भरणा उसाच्या बिलातून करायचा बेत होता. ऊस जानेवारीच्या शेवटी गेला. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तोडीनंतर चौदा दिवसांत बिल मिळायला हवं, पण आज 27 मार्चपर्यंत त्यांच्या खात्यात काही आलेलं नाही.

पावसानं पीक गेलं तर पुनर्गठनाचा नियम आहे, हे तात्यांना मीच सांगितलं होतं. तेहतीस ते पन्नास टक्के नुकसान असेल तर फेडीला दोन वर्षांपर्यंत, पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. पण ते जाहीर होतं आपत्ती जाहीर झालेल्या भागासाठी, आणि आमच्या गावाची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली. बाजरी बरी आलेली. एका ओढ्याकाठच्या सात-आठ जणांचा कांदा सडला म्हणून गावाची पैसेवारी खाली येत नाही. नियमाला गाव दिसतं, ओढा दिसत नाही.

काउंटरशी आमचा नंबर आला. बॅग उघडली. पाचशेची दोन बंडलं आणि वर चाळीस सुट्या नोटा. रोखपालानं मशीनमध्ये घातल्या, आकडा उमटला. एक नोट मशीननं परत टाकली, तिच्या कोपऱ्याला हळदीचा डाग होता. बॅगवाल्यानं निमूट दुसरी काढून दिली. स्लिपवर तात्यांनी सही केली. सहीला त्यांना मिनिटभर लागतं, आडनावातला जोडाक्षराचा पाय ते दरवेळी नीट काढतात. ठप्पा बसला. खातं शून्य.

तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, “झालं ना? बिनव्याजी झालं ना?”

“झालं, तात्या.”

हिशेब मात्र माझ्या डोक्यात चालूच होता. बॅगवाला शेकडा तीन घेतो, महिन्याला. ठरलेल्या वायद्यापर्यंत दिवस कितीही असोत, तो पुरा महिना धरतो. एक लाख वीस हजारांवर छत्तीसशे रुपये. न भरता थकबाकीत गेले असते तर वर्षाचं सहा टक्के, म्हणजे बहात्तरशे अंगावर आले असते आणि नवं कर्जही अडलं असतं. म्हणून छत्तीसशे देणं तात्यांना परवडतं. सरकारच्या दफ्तरी शून्य टक्के असलेलं हे कर्ज तात्यांना तीन टक्क्यांना पडलं, आणि ते तीन टक्के कुठल्याही वहीत चढत नाहीत.

महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. विनापरवाना धंदा हा तर गुन्हाच. हे मला माहीत आहे, बॅगवाल्यालाही माहीत आहे. आणि मी त्याच्याशेजारी उभा राहून स्लिप भरून देतो, कारण ती भरली नाही तर तात्यांचा जून बुडतो. तेवीस वर्षांत मला या गोष्टीची सवय झालेली नाही.

या रांगेत मी नेहमी तारखेचाच विचार करतो. केंद्राची तीन टक्क्यांची सवलत कर्ज उचलल्यापासून एका वर्षाच्या आत फेडणाऱ्याला आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमात तर स्पष्ट म्हटलंय, की परतफेडीची मुदत पिकाच्या काढणीचा आणि विक्रीचा काळ पाहून ठरवावी. तात्यांनी मागची उचल 20 मे रोजी केली होती. पुरं वर्ष धरलं तर त्यांची तारीख 19 मे येते. आमच्याकडं सगळ्या खरिपाला एकच तारीख, 31 मार्च. एकोणपन्नास दिवस कमी. त्या एकोणपन्नास दिवसांत उसाचं बिल येतं, उन्हाळी कांद्याचा पहिला माल बाजारात जातो, शेळी-बोकड विकलं जातं. तारीख तेवढी पुढं नेली तर बॅगवाल्याला या बाकावर बसायचं कारण उरणार नाही. दरवर्षी सचिवांच्या बैठकीत मी हे बोलतो आणि यंदाही लेखी दिलंय.

दीड

डबा शाखेच्या मागच्या लिंबाखाली. भाकरी, मेथी, ठेचा.

बॅगवाला समोर रसवंतीवर उभा होता. त्याचा मला राग येत नाही, हे इथं लिहून ठेवतो. मला आठवतं ते सुपे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि रस्त्यात होळी केली ती कर्जरोख्यांची, गहाणखतांची. माणसं मारायची नव्हती त्यांना, त्यांना कागद संपवायचा होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यानं न्यायाधीशाला रोख्यातल्या आकड्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्या वाटेवरूनच पुढं आमच्या सोसायट्या आल्या. माझी खुर्ची कशासाठी आहे ते मला सुप्यातून कळतं. म्हणून नवं-जुन्याच्या रांगेत ती बॅग दिसली की घास उतरत नाही.

अडीच

गावात परत. तलाठी कार्यालय. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोकांच्या तोंडी भाऊसाहेबच.

अक्का माझ्या आधी येऊन पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांच्या मालकांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी विहिरीसाठी जमीन गहाण ठेवून एका बँकेचं अठरा हजारांचं कर्ज घेतलं. विहिरीला पाणी लागलं, कर्ज फिटलं, पुढं ती बँक बंद पडली, मालक वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून अक्कांचं आणि दोन पोरांचं नाव लागलं. पण उजव्या बाजूला, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यात, एक ओळ तशीच राहिली. बोजा, रुपये 18000, पुढं कंसात फेरफाराचा नंबर.

सातबारा ज्यानं नीट वाचला नाही, त्याला या रकान्याचं वजन कळत नाही. डाव्या बाजूला मालकाचं नाव, क्षेत्र, आकार. ते सगळे बघतात. घरात काय झालं ते उजवीकडं लिहिलेलं असतं. विहीर कधी खणली, पाइपलाइन कुणी आणली, ट्रॅक्टर कुणाच्या नादानं घेतला, बहिणीनं वाटणीचा दावा कधी घातला. पूर्वी हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यात नोंद कमी झाली की तिला कंस करायचे. म्हातारी माणसं अजून म्हणतात, “बोजाला कंस झाला का?”

अक्कांना लिहिता-वाचता येत नाही. पण पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा उतारा मी त्यांच्यापुढं धरला, तेव्हा त्यांनी त्या ओळीवर नेमकं बोट ठेवलं. “हीच ना? हिच्यापायी दुसऱ्या बँकेनं दोनदा माघारी लावलं.” वाचता न येणारी बाई कागदावरची एकच ओळ जागेवरून ओळखते, इतक्या वेळा तिला ती दाखवून नाही म्हटलं गेलंय.

फिटल्याची पावती त्यांच्या पिशवीत होती, शाई फिकट झालेली. पण पावतीवर बोजा उतरत नाही, बँकेचं पत्र लागतं, आणि बँक नाही म्हणजे तिच्या अवसायकाचं. त्या पत्रासाठी सात महिने गेले, चार खेपा जिल्ह्याला झाल्या. दोन खेपांना मी बरोबर होतो. पत्र परवा टपालानं आलं. आज भाऊसाहेबांनी ई-हक्क प्रणालीतून आलेला अर्ज उघडला, पत्र तपासलं, फेरफार तयार केला.

“गेलं का रे बाबा?”

“मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलं की जाईल, अक्का. आता कुणी अडवणार नाही.”

त्यांनी पिशवीची घडी परत तशीच घातली. कोऱ्या सातबाऱ्याची प्रत हातात पडेपर्यंत त्या ती पिशवी सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

माझं स्वतःचं काम पाच मिनिटांत झालं. नव्या कर्जदारांचे इकरार दाखल केले. सोसायटीचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या 48 व्या कलमाप्रमाणे सभासद इकरार करून देतो आणि त्याच्या जमिनीवर सोसायटीचा भार बसतो. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडं जावं लागत नाही. कर्ज फिटेपर्यंत ती जमीन परस्पर विकली तर तो व्यवहार कायद्यानं निरर्थक ठरतो. सह्या घेताना मी हे प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवतो. वेळ जातो, पण दाखवतो.

चार

ऑफिसात एक पदवीधर पोरगा वाट बघत होता. त्याला नदीवरून पाइपलाइन आणि ठिबक करायचंय, राष्ट्रीयीकृत बँकेचं सात लाखांचं कर्ज हवंय, आणि त्यासाठी सोसायटीचा बेबाकी दाखला. बाकी नव्हती, दाखला लिहायला दोन मिनिटं लागली. मग त्यानं बँकेनं दिलेली कागदांची यादी पुढं केली आणि आम्ही तासभर बसलो.

“काका, मित्र म्हणतो तारणाशिवाय मिळतं.”

“दोन लाखांपर्यंत.” 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं ती मर्यादा एक लाख साठ हजारांवरून दोन लाख केली. तेवढ्यापर्यंत शेतीकर्जाला बँकेनं जमीन तारण मागायची नाही. कुणी मागितलं तर हे तोंडावर सांगावं. “तुझे सात लाख. म्हणजे गहाणखत आलं.”

गहाणखत म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बँकेच्या यादीवरचा वकील आधी सर्च रिपोर्ट करणार, म्हणजे मागच्या कित्येक वर्षांचे फेरफार आणि निबंधकाकडच्या नोंदी उकरून जमीन खरोखर यांचीच आहे ना ते पाहणार. मग मूल्यांकन. मग दुय्यम निबंधकाकडं दस्त, आणि शेवटी सातबाऱ्यावर बोजा. इथंच अडचण निघाली. सातबाऱ्यावर त्याच्या वडिलांसोबत दोन चुलत्यांची नावं, गट एकत्र, सरसनिरस वाटप झालेलं नाही. चुलत्यांच्या संमतीच्या सह्या लागणार. “थोरल्या काकांचं म्हणणं, एकाच्या पाइपलाइनला तिघांची जमीन कशाला अडकवायची.”

थोरले काका चुकीचं बोलत नाहीत. मी त्याला म्हटलं, आधी वाटप करून घ्या, प्रत्येकाचा सातबारा वेगळा होऊ द्या. तीन महिने उशीर झाला तरी चालेल, पण भावकीत कर्ज घुसू देऊ नको.

दुसरी गोष्ट मी डाव्या बाजूला बोट ठेवून दाखवली. त्यांच्या दोन गटांपैकी एकावर ‘भोगवटादार वर्ग-2’ असं आहे. त्याच्या आजोबांना धरणात गाव गेल्यावर मिळालेली ती जमीन. ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बँका या दोनच्या आकड्याला बिचकतात. पण जमीन महसूल संहितेच्या 36 व्या कलमात वर्ग-2 ची जमीन शासन, बँक किंवा सहकारी संस्थेकडं गहाण ठेवायची मुभा दिलेली आहे. त्या कलमाची झेरॉक्स माझ्या कपाटात कायम असते. एक त्याला दिली.

शेवटी त्यानं मनातलं विचारलं. “थकलं तर बँक जमीन काढून घेईल का?”

शहरातल्या फ्लॅटसारखं नाही, हे त्याला समजावलं. 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार मिळाला, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. बँकेला दुसरे, लांबचे रस्ते धरावे लागतात. सोसायटीचा रस्ता वेगळा आणि जवळचा आहे. 101 व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळतो, मग वसुली अधिकारी जप्ती करू शकतो, लिलाव लावू शकतो. बोली लावायला कुणी पुढं आलं नाही तर जमीन सोसायटीच्याच नावावर करायची तरतूद 100 व्या कलमात आहे. आणि गावात भावकीच्या जमिनीवर सहसा कुणी बोली लावत नाही.

“तुम्ही केलीय कुणाची?”

“101 चे दाखले काढलेत. जमीन नावावर करायचा कागद अजून एकही केला नाही.”

तो गेल्यावर खुर्चीत नुसता बसून राहिलो. सात लाखांची उडी मारणाऱ्या पोराला तासभर माहिती द्यायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि हे माझ्या कामाच्या यादीतही नाही.

सहा

संचालक मंडळाची बैठक. मुख्य विषय अनिष्ट तफावत. आमच्या सोसायटीनं बँकेला देणं असलेली रक्कम सभासदांकडून येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त झालीय. सभासदानं सगळं भरलं तरी बँकेचं देणं फिटणार नाही. जुना रोग, वर्षानुवर्षांच्या खर्चानं वाढलेला. चेअरमन म्हणाले, “मार्च जाऊ द्या, मग बघू.” मीही मान हलवली, कारण आज कुणाच्यातच त्राण नव्हतं. सकाळचे मामा बैठक चालू असताना दाराशी येऊन उभे राहिले. निम्मी रक्कम आणली होती, टॉवेलात बांधून. बाकीची 30 ला देतो म्हणाले. पावती फाडली.

रात्री साडेनऊ

जेवण झाल्यावर पत्रकं घरी घेऊन बसलो. बाहेर काठी टेकवल्याचा आवाज आला. तात्या.

“सचिव, एक विचारायचं राहिलं. नवं कर्ज खात्यात कधी पडंल?”

“पत्रकं मंजूर झाली की. पहिल्या खेपेत गेलं तर एप्रिलच्या आठ-दहा तारखेला.”

“त्याला मी दहाचा वायदा दिलाय.” ते थांबले. “दहाच्या पुढं गेलं तर दुसरा महिना लागतो म्हणतोय.”

म्हणजे आणखी छत्तीसशे. त्यांना चहा दिला. उसाच्या बिलाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. जाताना उंबऱ्याशी वाकून म्हणाले, “बघा काय हुतंय का.”

माझ्या शर्टच्या खिशात एक छोटी डायरी असते. तिच्यात एक यादी आहे, जी सोसायटीच्या कुठल्याच दप्तरात नाही. मार्चमध्ये कुणी ‘माणूस’ केला आणि तो कोणत्या तारखेला पैसे मागायला येणार, एवढंच. आज रात्रीपर्यंत त्यात सतरा नावं झाली. कमाल मर्यादा पत्रकं नियमानं सभासद क्रमांकाप्रमाणे लावलेली होती. ती सगळी चटईवर पसरली आणि डायरी उघडून त्या तारखांच्या क्रमानं पुन्हा लावायला घेतली. 7 एप्रिलची दोन, 8 ची एक, 10 ची पाच. तात्यांचं पत्रक 10 च्या चळतीत सगळ्यात वर ठेवलं, टाचणी लावली, आणि सकाळी पहिल्या एसटीनं शिपायाबरोबर पाठवायच्या पिशवीत घातलं.